ग्रामीण जिल्ह्यातील आपत्ती-जोखमीचे मूल्यमापन : रायगड जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

पूर, दरड, चक्रीवादळ किंवा भूकंप यांमुळे एखाद्या ग्रामीण जिल्ह्यात कोणाचे, कोठे आणि किती नुकसान होऊ शकते याचा आगाऊ अंदाज कसा बांधावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु वस्त्यांचे स्थलांतर, घरबांधणीची परवानगी, निधीचे वाटप आणि पावसाळ्यात कोणत्या वाडीला घरे सोडण्यास सांगायचे हे सारे निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. गेल्या तीन-चार दशकांत या प्रश्नाचा अभ्यास भूविज्ञान, जलविज्ञान, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र अशा अनेक शाखांतून झाला असून त्यातून परस्परांना पूरक, तर काही ठिकाणी परस्परविरोधी भूमिका तयार झाल्या आहेत. या भूमिकांचा आढावा घेण्यासाठी येथे रायगड जिल्हा आधारभूत धरला आहे. कारण डोंगर, खाडी आणि समुद्रकिनारा अशी तिन्ही प्रकारची भूमी त्यात एकत्र येते आणि २००५ नंतरच्या घटनांनी मूल्यमापनाच्या जवळपास प्रत्येक पद्धतीची तेथे कसोटी पाहिली आहे.

१. जिल्हा आणि त्यावरील संकटे

पंधरा तालुक्यांच्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २६ लाख ३४ हजार होती आणि त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. पनवेल-उरणचा पट्टा झपाट्याने शहरी झाला असला, तरी पोलादपूर, महाड, म्हसळा, तळा, सुधागड यांसारख्या तालुक्यांत लहान गावे आणि डोंगरउतारावरील वाड्या हेच वस्तीचे मुख्य रूप आहे. पूर्वेला सह्याद्रीची धार, मधे आखूड आणि वेगवान नद्या, तर पश्चिमेला खाड्या व खारजमिनी अशी रचना असल्यामुळे घाटमाथ्यावर पडलेले पाणी काही तासांतच खाली उतरते आणि त्याच वेळी समुद्राला भरती असेल, तर खाडीतून बाहेर न पडता मागे तुंबते.

या भूरचनेचा परिणाम नोंदवलेल्या घटनांत स्पष्ट दिसतो. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या नदीत बुडाल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराने वेढलेले असतानाच तालुक्यातील तळिये या गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकूर आदिवासींची वाडी ढिगाऱ्याखाली गेली, तेथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांना बेपत्ता मानून नंतर मृत घोषित करण्यात आले. या मोठ्या घटनांशिवाय वीज पडणे, उधाणात खारबंधारे फुटून शेतात खारे पाणी शिरणे आणि भातकापणीच्या वेळचा अवेळी पाऊस अशी लहान पण वारंवार येणारी संकटेही आहेत. अभ्यासकांनी यांपैकी पहिल्या प्रकाराला केंद्रित जोखीम आणि दुसऱ्याला विखुरलेली जोखीम असे म्हटले आहे. विखुरलेली जोखीम एका दिवसात फारसे बळी घेत नाही. मात्र तिची बेरीज वर्षानुवर्षे त्याच कुटुंबांच्या वाट्याला येत राहते.

२. पार्श्वभूमी : मदतकार्याकडून मूल्यमापनाकडे

आपत्ती हा केवळ मदत आणि नुकसानभरपाईचा विषय मानण्याची प्रशासकीय परंपरा दुष्काळसंहितांच्या काळापासून चालत आली होती. तिला महाराष्ट्रात पहिला मोठा हादरा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दिला. तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशात लातूर परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. प्रत्यक्षात त्या भूकंपात हजारो माणसे दगावली. जाड दगडी भिंती आणि मातीचे जड माळवद असलेली घरे कोसळणे हे या मृत्यूंचे मुख्य कारण होते. शिवाय १९९२ पासूनच तेथील लोकांना लहान धक्के जाणवत होते. नकाशाची मर्यादा, घरांची रचना आणि स्थानिक अनुभवाची दखल हे नंतरच्या चर्चेतील तीनही मुद्दे या एका घटनेत एकत्र आले होते. त्यानंतर राज्यात पुनर्वसनाबरोबरच जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार करण्याचे काम सुरू झाले आणि २००२ मध्ये भूकंपप्रवणतेचा राष्ट्रीय नकाशाही सुधारण्यात आला.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने या कामाला वैधानिक पाया दिला. या कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. जिल्ह्यातील कोणते भाग कोणत्या आपत्तींना बळी पडू शकतात हे जिल्हा आराखड्यात नमूद करणे आणि आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१५ ते २०३० या कालखंडासाठी स्वीकारलेल्या सेंदाई आराखड्यानेही जोखीम समजून घेणे यालाच पहिले प्राधान्य दिले. मूल्यमापन करावे की नाही हा वाद त्यामुळे संपला आहे. ते कोणत्या पद्धतीने, किती बारकाईने आणि कोणाच्या सहभागाने करावे हा वाद मात्र कायम आहे.

३. मूलभूत संकल्पना

आजच्या अभ्यासात जोखमीचे तीन घटक मानले जातात. पहिला घटक धोका, म्हणजे विशिष्ट ठिकाणी विशिष्ट तीव्रतेची नैसर्गिक घटना घडण्याची शक्यता. दुसरा घटक म्हणजे त्या धोक्याच्या टप्प्यात येणारी माणसे, घरे, गुरे, पिके, रस्ते आणि कारखाने. तिसरा घटक असुरक्षितता, म्हणजे टप्प्यात आलेल्या माणसाला किंवा वस्तूला होणाऱ्या हानीचे प्रमाण वाढवणाऱ्या भौतिक, आर्थिक आणि सामाजिक अवस्था. यांच्या जोडीला सावरण्याची क्षमता हा चौथा घटक काही अभ्यासक स्वतंत्रपणे मोजतात, तर काही त्याला असुरक्षिततेचीच दुसरी बाजू मानतात.

ही विभागणी वरवर साधी असली, तरी तिचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. निर्मनुष्य कड्यावरून कोसळणारी दरड हा धोका असतो, पण तिथे जोखीम जवळपास शून्य असते. उलट मध्यम उताराच्या पायथ्याशी चाळीस घरे असतील आणि तिथून रात्री बाहेर पडायला पायवाटेखेरीज दुसरा मार्ग नसेल, तर मध्यम धोक्याचीही जोखीम फार मोठी होते. म्हणून केवळ धोक्याचा नकाशा म्हणजे जोखमीचे मूल्यमापन नव्हे, याबद्दल सर्व शाखांत एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते या तीन घटकांपैकी कोणत्या घटकापासून आरंभ करावा आणि कोणाला अधिक वजन द्यावे यावर.

४. पहिली भूमिका : भूविज्ञान आणि प्रवणता-नकाशे

पहिली भूमिका भूवैज्ञानिकांची आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे थर, त्यांच्यामधील तांबड्या मातीचे पट्टे, वरचा विदारित मुरूम, जांभा, उताराचा कोन, पाण्याचा निचरा आणि जमिनीचा वापर यांचा एकत्रित विचार करून कोणता उतार घसरण्यास अनुकूल आहे हे ठरवता येते, असे या भूमिकेचे प्रतिपादन आहे. सलग पावसात पाणी मातीच्या छिद्रांत भरते, तिथे दाब वाढतो, मातीच्या कणांची परस्परांवरील पकड सैल होते आणि खालच्या कठीण खडकावरून सगळा थर सरकतो, ही यंत्रणा पश्चिम घाटातील बहुतेक दरडींमागे आढळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४ पासून राष्ट्रीय भूस्खलन प्रवणता नकाशांकनाचा कार्यक्रम राबवला असून त्यात सुमारे ४.३ लाख चौरस किलोमीटर डोंगरी प्रदेशाचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर तयार करण्यात आले आहेत. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये उपग्रह-चित्रांवर आधारित भूस्खलनांचा राष्ट्रीय नकाशासंग्रह प्रकाशित केला. त्यात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ऐंशी हजार भूस्खलनांच्या नोंदींचा आधार घेऊन १४७ जिल्ह्यांची तुलना केली आहे.

या पद्धतीचे बळ असे की ती वस्तुनिष्ठ आहे, सर्व जिल्ह्यांना एकच मापदंड लावते आणि पूर्वी दरड कोसळली नसलेल्या ठिकाणांविषयीही काही सांगू शकते. तिच्या मर्यादा मात्र तिच्या प्रमाणातच दडलेल्या आहेत. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. त्यामुळे डोंगरावरील एखादी लहान वाडी त्या नकाशावर काही मिलिमीटरांत संपते आणि तिच्या मागचा नेमका ओघळ दिसतही नाही. शिवाय प्रवणता-नकाशा उतार कोठे सुटेल हे सुचवतो. तो केव्हा सुटेल आणि सुटलेला राडारोडा खाली किती अंतर जाईल हे सांगत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण येथे १५१ माणसे गाडली गेली, त्या घटनेत आणि नंतर तळिये व इर्शाळवाडी येथेही वस्तीवर आलेला ढिगारा वरच्या उतारावरून सुटलेला होता. म्हणून ढिगाऱ्याच्या संभाव्य मार्गाचे स्वतंत्र नकाशे, तेही १:१०,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणावर, आवश्यक आहेत असे या शाखेतील अनेक तज्ज्ञही मान्य करतात.

५. दुसरी भूमिका : संभाव्यता आणि अपेक्षित नुकसान

दुसरी भूमिका जलशास्त्र, हवामानशास्त्र आणि विमाशास्त्र यांतून आली आहे. तिच्या मते एखाद्या वर्षी घटना घडण्याची शक्यता आणि ती घडल्यास होणारे नुकसान, यांचा गुणाकार म्हणजे सरासरी वार्षिक अपेक्षित नुकसान. आणि हाच आकडा निरनिराळ्या धोक्यांची तुलना करण्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. महाराष्ट्रातील पूररेषा याच विचारावर आधारलेल्या आहेत : सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते, तर १०० वर्षांतून एकदा अपेक्षित पुराची मर्यादा लाल रेषा दाखवते. शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा समज मात्र चुकीचा आहे. दरवर्षी त्याची शक्यता एक टक्का असते आणि त्या हिशेबाने तीस वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते.

या पद्धतीचा सर्वांत विस्तृत वापर अमेरिकेत दिसतो. तेथील संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने तयार केलेला राष्ट्रीय जोखीम निर्देशांक प्रत्येक काउंटीसाठी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याशी स्थूलमानाने तुलना करता येईल अशा प्रशासकीय घटकासाठी, १८ धोक्यांचे अपेक्षित वार्षिक नुकसान काढतो आणि त्याला सामाजिक असुरक्षितता व समुदायाची सावरण्याची क्षमता यांच्या आधारे कमी-जास्त करतो. त्यावरील मुख्य आक्षेप असा की नुकसान पैशांत मोजले की महागडी मालमत्ता असलेला शहरी भाग आपोआप वर चढतो आणि स्वस्त घरांचा ग्रामीण भाग खाली राहतो. भारतात पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांमध्ये आपत्ती-निधीचे वाटप ठरवताना वापरलेल्या जोखीम निर्देशांकात पूर, दुष्काळ, चक्रीवादळ आणि भूकंप यांना स्वतंत्र गुण होते, तर उरलेले धोके एकत्रित गटात होते आणि असुरक्षिततेसाठी दारिद्र्याचे प्रमाण आधारभूत धरले होते. राज्यपातळीवरील वाटपासाठी असे सुलभीकरण अपरिहार्य असते. परंतु ज्या जिल्ह्यात दरड हाच सर्वाधिक जीव घेणारा धोका आहे, त्याचे चित्र अशा निर्देशांकात पुसट होते.

संभाव्यतेच्या पद्धतीपुढील दुसरी अडचण माहितीची आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर त्याच शहरातील कुलाबा केंद्रावर तो शंभर मिलिमीटरही नव्हता. काही किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक पडत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणच्या पर्जन्यमापकावरून डोंगरातील वाडीवरचा पाऊस अनुमानणे कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न उरतोच. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेल्याने ही उणीव काही अंशी भरून निघाली आहे. मात्र नोंदींचा काळ अजून थोडा आहे आणि घाटउतारावरील केंद्रांची संख्या अपुरी आहे.

६. तिसरी भूमिका : सामाजिक असुरक्षितता

तिसऱ्या भूमिकेची मांडणी १९७० च्या दशकापासून होत आली आहे. फिल ओकीफ, केन वेस्टगेट आणि बेन विस्नर यांनी १९७६ मध्ये, आपत्तींना निव्वळ नैसर्गिक मानणे सोडून द्यावे, असे प्रतिपादन केले. पुढे पिअर्स ब्लेकी, टेरी कॅनन, इयान डेव्हिस आणि विस्नर यांनी १९९४ च्या ग्रंथात दाबाचे प्रतिमान मांडले. जमीनधारणा, सत्तेचे वाटप आणि विकासनीती या मूळ कारणांतून लोक धोकादायक जागी व कच्च्या घरांत ढकलले जातात आणि नैसर्गिक घटना केवळ त्या साचलेल्या दाबाला वाट करून देते, असा त्याचा आशय आहे. २००३ मध्ये सुझन कटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सर्व काउंट्यांसाठी ४२ निर्देशक ११ घटकांत संकलित करून सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक तयार केला आणि या विचाराला संख्यात्मक रूप दिले.

रायगडच्या संदर्भात या भूमिकेचे महत्त्व सहज लक्षात येते. कातकरी आणि ठाकूर समाजाच्या अनेक वाड्या डोंगरउतारावर, वनजमिनीच्या कडेला किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. जागा नावावर नसल्यास पक्के घर बांधणे कठीण जाते आणि स्थलांतराच्या वेळी हक्क सिद्ध करणेही अवघड होते. रोजगारासाठी वीटभट्टीवर किंवा शहरात गेलेले लोक पावसाळ्यात परततात, म्हणजे धोका सर्वाधिक असतो त्याच काळात वस्तीत माणसांची संख्या वाढते. निसर्ग वादळानंतर बागायतदारांनी नुकसानीचे मोजमाप हेक्टरी न करता झाडागणिक करावे अशी मागणी केली, तिच्यामागेही हाच मुद्दा होता : पुन्हा लावलेली नारळ-सुपारीची रोपे उत्पन्न देऊ लागेपर्यंत अनेक वर्षे जातात आणि क्षेत्रावर आधारलेला पंचनामा लहान, दाट व मिश्र बागांचे खरे नुकसान टिपत नाही.

या भूमिकेवरील आक्षेपही गंभीर आहेत. निर्देशकांची निवड आणि त्यांचे वजन अभ्यासकाच्या निर्णयावर अवलंबून असते, जनगणनेची आकडेवारी दहा वर्षांनी आणि तीही उशिरा मिळते, तसेच तालुक्याची सरासरी काढली की संपन्न गाव आणि बेदखल वाडी यांतील फरक नाहीसा होतो. शिवाय असुरक्षितता सर्वत्र दारिद्र्याशीच निगडित असते असे नाही. महाडमधील पुराने बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचेही आयुष्यभराचे भांडवल बुडवले आहे.

७. चौथी भूमिका : स्थानिक ज्ञान आणि लोकसहभाग

चौथी भूमिका असे मानते की जोखमीची सर्वांत बारीक माहिती तेथे राहणाऱ्यांकडेच असते आणि म्हणून मूल्यमापन ग्रामसभेपासून सुरू व्हावे. जमिनीला पडणाऱ्या भेगा, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, झाडे आणि विजेचे खांब कलणे, घरांच्या भिंती तडकणे ही उतार हलत असल्याची लक्षणे गावकरी, गुराखी, पोलीस पाटील आणि कोतवाल यांना सर्वांत आधी दिसतात. महाड परिसरातील रहिवासी अनेक वर्षे सावित्रीच्या पात्रात साचलेल्या गाळाच्या बेटांकडे, ज्यांना तेथे जुटे म्हणतात, आणि नदीचा प्रवाह अडवणाऱ्या भरावांकडे लक्ष वेधत आले आहेत. पूर का वाढतो याचे हे स्थानिक विश्लेषण पुढे नदीपात्रातील गाळ काढण्याच्या कामाचा आधार ठरले. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातील शेतकऱ्यांनाही बांधाचा कोणता भाग उधाणात फुटून खांड पडेल याची पिढीजात जाण असते.

या पद्धतीच्या मर्यादा तिचे समर्थकही नाकारत नाहीत. लोकस्मृती साधारणपणे दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाही, त्यामुळे दोनशे वर्षांतून एकदा येणारी घटना तिच्यात नसते. जे गाव पूर्वी कधी घसरले नाही ते घसरणार नाही, असा विश्वास त्यातून निर्माण होऊ शकतो. गावातील बोलके आणि बलवान गट चर्चेवर पकड ठेवतात, तर वाडीवरील स्त्रिया आणि मजूर यांचे म्हणणे नोंदवले जात नाही. धोका मान्य केल्यास जमीन, गोठा आणि देवस्थान सोडावे लागेल ही भीतीही लोकांच्या उत्तरांवर परिणाम करते. म्हणून स्थानिक निरीक्षण आणि भूवैज्ञानिक तपासणी यांची सांगड घालावी, एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, असा मधला मार्ग अलीकडच्या लेखनात अधिक मान्य होत आहे.

८. अनिर्णित प्रश्न

पहिला अनिर्णित प्रश्न यादीचा आहे. जिल्ह्यातील दरडप्रवण गावांच्या याद्या २००५ नंतर तयार झाल्या आणि त्यांत शंभराच्या आसपास गावांची तीव्रतेनुसार वर्गवारी करण्यात आली. तथापि इर्शाळवाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे राज्य सरकारने दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगितले. त्यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. काहींच्या मते यादी विस्तारून प्रत्येक डोंगराळ वाडीचे सर्वेक्षण करावे. इतरांच्या मते यादी कितीही वाढवली तरी ती अपुरीच राहील, म्हणून ठराविक उतारावरील सर्वच वस्त्यांना पावसाच्या विशिष्ट मर्यादेनंतर सावध करणारी यंत्रणा अधिक उपयुक्त ठरेल. दुसऱ्या मार्गासाठी पावसाचे स्थानिक उंबरठे ठरवावे लागतात, म्हणजे किती तासांत किती पाऊस झाल्यावर दरडीची शक्यता लक्षणीय वाढते हे सांगणारे आकडे. इर्शाळवाडी परिसरात आधीच्या तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता, असे सरकारने सांगितले. मात्र कोकणात एवढा पाऊस अनेक ठिकाणी दरड न कोसळताही पडतो आणि म्हणूनच उंबरठा कमी ठेवला तर निष्फळ इशारे वाढतात, जास्त ठेवला तर खरी घटना निसटते. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केले असून त्याची सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून झाली आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टसाठी असे उंबरठे किती अचूक ठरतील हे अनुभवानेच कळेल.

दुसरा प्रश्न बदलत्या हवामानाचा आहे. भूतकाळातील नोंदींवरून भविष्याची शक्यता काढताना निसर्गाची सरासरी स्थिर आहे असे गृहीत धरावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासाने १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले. त्याच संस्थेतील मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांच्या संख्येत ५२ टक्के वाढ झाली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि सावित्रीचा उगम त्याच डोंगरात आहे. अशा स्थितीत जुन्या नोंदींवरून आखलेल्या निळ्या-लाल रेषा किती काळ ग्राह्य धराव्यात, यावर जलशास्त्रज्ञांत एकमत नाही.

तिसरा प्रश्न संयुक्त आपत्तींचा आहे. २०२१ मध्ये पूर आणि दरड एकाच दिवशी आल्यामुळे तळियेकडे जाणारे रस्तेच बंद झाले होते. निसर्ग वादळात वीज आणि दूरध्वनी यंत्रणा दीर्घकाळ कोलमडली. महाड, रोहा आणि रसायनी येथील रासायनिक कारखान्यांमुळे पुराच्या पाण्यात घातक द्रव्ये मिसळण्याचा धोकाही आहे, ज्याला निसर्गजन्य औद्योगिक जोखीम म्हणता येईल. प्रत्येक धोक्याचा स्वतंत्र नकाशा करणाऱ्या प्रचलित पद्धतीत ही साखळी बसत नाही.

चौथा प्रश्न जमीनवापराचा आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रांविषयी माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये अहवाल दिले. रस्त्यांसाठी होणारी डोंगरकापणी, उत्खनन आणि उतारावरील बांधकाम यांमुळे दरडी वाढतात असे एका बाजूचे म्हणणे आहे, तर अतिवृष्टी आणि नैसर्गिक विदारण हेच प्रधान कारण असून वस्ती व उपजीविका यांवर सरसकट निर्बंध नकोत असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. इर्शाळवाडीवरच्या उतारावर मोठे बांधकाम नव्हते, तर इतर काही ठिकाणी रस्त्याच्या कापणीलगतच दरडी कोसळल्या आहेत. त्यामुळे प्रत्येक घटनेची स्वतंत्र कारणमीमांसा झाल्याशिवाय सर्वसाधारण विधान करता येत नाही.

पाचवा आणि कदाचित सर्वांत कठीण प्रश्न मूल्यमापनानंतरच्या कृतीचा आहे. गाव धोकादायक ठरवले की पुनर्वसनाची अपेक्षा निर्माण होते, आणि त्यासाठी जवळची सुरक्षित जमीन, पाणी व उपजीविका हवी असते. तळियेचे पुनर्वसन म्हाडामार्फत आणि इर्शाळवाडीचे सिडकोमार्फत झाले. ही दोन्ही पुनर्वसने दुर्घटनेनंतरची आहेत. दुर्घटना होण्यापूर्वी, केवळ जोखमीच्या अंदाजावरून, संपूर्ण वाडी हलवण्याचा खर्च, हक्क आणि संमती यांची चौकट अजून पुरेशी विकसित झालेली नाही. पावसाळ्यापुरते तात्पुरते स्थलांतर हा आजचा प्रचलित उपाय आहे. परंतु गुरे, भातलावणी आणि घरातील वृद्ध यांमुळे लोक निवाऱ्यातून लवकर परततात.

९. समारोप

या आढाव्यातून काही बाबी निश्चितपणे पुढे येतात. वर उल्लेखिलेल्या चारही भूमिका एकाच जोखमीचे वेगवेगळे भाग मोजतात : भूविज्ञान कोठे हे सांगते, संभाव्यताशास्त्र किती वेळा हे सांगते, सामाजिक अभ्यास कोणाला हे सांगतो आणि स्थानिक ज्ञान आत्ता काय बदलते आहे हे सांगते. त्यांपैकी कोणतीही एक पद्धत जिल्ह्याच्या आराखड्यासाठी पुरेशी नाही, हे किल्लारीपासून इर्शाळवाडीपर्यंतच्या तीस वर्षांच्या अनुभवाने दाखवले आहे. मूल्यमापनाचा घटक कोणता धरावा, याचे उत्तरही हळूहळू स्पष्ट होत आहे. निधी आणि यंत्रणा यांसाठी जिल्हा हा घटक योग्य आहे. परंतु माणसे जिथे मरतात तो घटक वाडी आहे, आणि तालुक्याच्या सरासरीत ती दिसत नाही.

म्हणून दरवर्षीचा आढावा हा केवळ दूरध्वनी क्रमांक आणि बोटींची संख्या अद्ययावत करण्यापुरता न ठेवता, प्रत्येक डोंगरउतारावरील वाडीसाठी उताराची तपासणी, ढिगाऱ्याचा संभाव्य मार्ग, घरांची स्थिती, बाहेर पडण्याची वाट आणि जमिनीचा हक्क या पाच नोंदी एकत्र ठेवणारा दस्तऐवज व्हावा, तो ग्रामपंचायतीत सर्वांना पाहता यावा आणि त्यातील अनिश्चितताही स्पष्ट लिहिलेली असावी, ही अपेक्षा वाजवी आहे. तो तयार करण्यासाठी लागणारा कायदा, नकाशे, हवामान केंद्रे आणि स्थानिक जाणकार हे सारे जिल्ह्यात आज उपलब्ध आहे. त्यांना एकत्र आणण्याची जबाबदारी कायद्याने जिल्हा प्राधिकरणाकडे दिलेली आहे आणि ती वेळेत पार पाडली जाते की नाही हे पाहण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामसभेला आहे.